इनुइट तापिरीत कनातामी

इनुइट तापिरीत कनातामी : कॅनडातील इनुइट लोकांची राष्ट्रीय प्रातिनिधिक संघटना. मुख्यालय ऑटावा. १९७१ मध्ये ‘इनुइट तापिरीसात ऑफ कॅनडा’ या नावाने ती स्थापन झाली व २००१ मध्ये तिने सध्याचे नाव धारण केले. ‘कॅनडातील इनुइट एकत्र आहेत’ असा या नावाचा अर्थ आहे. इनुइटांचे भूमिहक्क, भाषा, शिक्षण, आरोग्य व परंपरागत जीवनपद्धती यांविषयी केंद्रशासनाशी व आंतरराष्ट्रीय संस्थांशी वाटाघाटी करणे, हे तिचे प्रमुख कार्य होय. संस्कृतीचे जतन म्हणजे जुन्या वस्तूंचा संग्रह करणे नव्हे, तर ज्या भूमीवर व हिमाच्छादित समुद्रावर ती संस्कृती जगली, त्यांवर त्या लोकांचा अधिकार टिकविणे होय, ही या संघटनेची मूळ भूमिका असून तिच्या बहुतेक कार्याचा उलगडा या भूमिकेवरून होतो.

लोक व प्रदेश : ‘इनुइट’ या शब्दाचा अर्थ ‘माणसे’ असा असून त्याचे एकवचन ‘इनुक’ असे होते. पूर्वी या लोकांना एस्किमो म्हणत. ते नाव इतरांनी दिलेले असून कॅनडातील इनुइटांना ते अवमानकारक वाटते. त्यामुळे १९७० नंतर ते शासकीय व्यवहारातून हळूहळू लुप्त झाले. अलास्का, ग्रीनलंड व रशियाचा चुकोत्का प्रदेश येथेही या लोकांचे आप्त समाज आहेत. त्या सर्वांच्या समान प्रश्नांसाठी ‘इनुइट सर्कम्पोलर कौन्सिल’ (स्थापना १९७७) ही स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघटना असून प्रस्तुत संघटनेचे कार्यक्षेत्र कॅनडापुरते मर्यादित आहे.

कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेनुसार तेथे ७०,५४५ इनुइट होते. त्यांपैकी सु. ६९ टक्के लोक परंपरागत मायभूमीत राहत होते. या मायभूमीचे चार विभाग पडतात : वायव्य प्रदेशातील इनुव्हियालुइट वसाहत-क्षेत्र (इनुइट लोकसंख्या ३,१४५), नूनाव्हुट (३०,८६५), क्वेबेक प्रांताच्या उत्तर भागातील नूनाविक (१२,५९०) आणि लॅब्रॅडॉरच्या उत्तर किनाऱ्यावरील नूनात्सियाव्हुट (२,०९५). चारही विभागांत मिळून एकूण ५१ वस्त्या आहेत. बहुतेक सर्व वस्त्या समुद्रकाठी असून त्यांपैकी बहुसंख्य वस्त्यांना दक्षिण कॅनडाशी जोडणारा रस्ता नाही. कॅनडाच्या भूक्षेत्राचा एक तृतीयांशाहून अधिक भाग व समुद्रकिनाऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग या मायभूमीत मोडतो.

या चार विभागांना मिळून ‘इनुइट नूनांगात’ असे नाव आहे. संघटनेने २००९ मध्ये ते औपचारिक रीत्या स्वीकारले. तत्पूर्वी प्रचारात असलेला ‘नूनात’ हा ग्रीनलंडी शब्द केवळ भूमीचा वाचक होता. ‘नूनांगात’ या कॅनडातील शब्दात मात्र भूमी, पाणी व बर्फ या तिहींचा समावेश होतो. वर्षातील बराच काळ गोठलेला समुद्र हाच ज्यांचा मार्ग व हेच ज्यांचे शिकारक्षेत्र, त्यांच्या दृष्टीने हा फरक केवळ शाब्दिक नव्हता.

पार्श्वभूमी : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इनुइटांचा कॅनडाच्या शासनाशी संबंध तुरळकच येई. व्यापारी कंपन्यांची ठाणी, ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि पोलीस हेच बाह्य जगाचे प्रतिनिधी होते. त्यांच्याविषयीचे दायित्व केंद्राचे की प्रांताचे, हा वादही अनिर्णित होता. १९३९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या दृष्टीने एस्किमोंचा अंतर्भाव ‘इंडियन’ या संज्ञेत होतो व ते केंद्राच्या अधिकारकक्षेत येतात, असा निर्णय दिला. मात्र इंडियन लोकांसाठी केलेला खास अधिनियम इनुइटांना लागू करण्यात आला नाही. परिणामी त्यांच्याशी तह झाले नाहीत, राखीव क्षेत्रे ठरली नाहीत आणि हक्कांची कोणतीही लेखी नोंद राहिली नाही.

इनुइटांमध्ये आडनावाची प्रथा नव्हती. ती अडचण दूर करण्यासाठी शासनाने १९४१ पासून प्रत्येकास एक क्रमांक दिला. तो कोरलेली लहानशी चकती जवळ बाळगावी लागे. पूर्व भागातील क्रमांकांआधी ‘ई’ व पश्चिम भागातील क्रमांकांआधी ‘डब्ल्यू’ हे अक्षर असे. शासकीय कागदपत्रांत माणसाची ओळख या क्रमांकानेच होई. १९६८ ते १९७१ या काळात अब्राहम ओकपिक या इनुइट गृहस्थाने वस्तीवस्तीतून हिंडून लोकांना स्वतःची आडनावे निवडण्यास साहाय्य केले व त्यानंतर ही पद्धत मागे पडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर शासनाचा उत्तरेकडील हस्तक्षेप झपाट्याने वाढला. १९५३ व १९५५ मध्ये क्वेबेकमधील इनुकजुआक येथील काही कुटुंबे, तसेच पाँड इनलेट येथील काही कुटुंबे, अतिउत्तरेकडील रेझल्यूट व ग्राइस फिओर्ड या ठिकाणी हलविण्यात आली. परत येण्याचे आश्वासन पाळले गेले नाही आणि नवा प्रदेश, तेथील महिनोन्‌महिने टिकणारी रात्र व शिकारीची भिन्न परिस्थिती यांमुळे या कुटुंबांची अतोनात हालअपेष्टा झाली. याच सुमारास क्षयरोगाची साथ पसरली. रुग्णांना जहाजाने दक्षिणेकडील रुग्णालयांत नेण्यात येई. १९५६ च्या सुमारास दर सात इनुइटांपैकी एक अशा रुग्णालयात होता. त्यांपैकी अनेक जण तेथेच मरण पावले आणि त्यांना कोठे पुरले, हेही कित्येक कुटुंबांना कळले नाही. मुलांना निवासी शाळांत ठेवण्यात आल्याने त्यांचा मातृभाषेशी व शिकारीच्या शिक्षणाशी संबंध तुटला. दोन दशकांच्या आत बहुतेक भटकी कुटुंबे कायम वस्त्यांत येऊन स्थिरावली.

स्थापना : संघटनेच्या स्थापनेचे निकटचे कारण मात्र खनिज तेल, वायू व जलविद्युत् हे होते. १९६८ मध्ये अलास्कातील प्रूडो उपसागराजवळ तेलाचा मोठा साठा सापडला. त्यानंतर मॅकेंझी नदीच्या खोऱ्यातून वायुवाहिनी नेण्याची योजना पुढे आली. आर्क्टिकमधील बेटांवर तेलाचा शोध सुरू झाला आणि एप्रिल १९७१ मध्ये क्वेबेक शासनाने जेम्स उपसागराच्या जलविद्युत् प्रकल्पाची घोषणा केली. ज्यांच्या भूमीवर हे सर्व व्हावयाचे होते, त्यांना कोणी विचारले नव्हते. पश्चिमेकडील इनुव्हिक येथे १९७० मध्ये स्थानिक लोकांनी ‘कमिटी फॉर ओरिजिनल पीपल्स एन्टायटलमेंट’ ही संघटना काढली होती. देशभरच्या इनुइटांसाठी एक व्यासपीठ असावे, या हेतूने फेब्रुवारी १९७१ मध्ये टोराँटो येथे सात इनुइट पुढाऱ्यांची बैठक झाली व तीत ‘इनुइट तापिरीसात ऑफ कॅनडा’ची स्थापना झाली. तिचे पहिले अध्यक्ष तागाक कर्ली हे होत. परस्परांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या, दळणवळणाची अत्यल्प साधने असलेल्या वस्त्यांतील लोक एका व्यासपीठावर येण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

भूमिवापराची पाहणी : १९७३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने काल्डर खटल्यात मूलनिवासींचा भूमीवरील हक्क ही विधिमान्य संकल्पना असल्याचे मान्य केले व त्याच वर्षी केंद्रशासनाने अशा हक्कांबाबत वाटाघाटी करण्याचे धोरण जाहीर केले. परंतु हक्क सिद्ध करावयाचा कसा, हा प्रश्न होता. इनुइटांकडे दस्तऐवज नव्हते, कुंपणे नव्हती, नांगरलेली शेतेही नव्हती. बाह्य निरीक्षकास तो प्रदेश निर्जन वाटे.

संघटनेच्या पुढाकाराने १९७३ पासून हाती घेतलेल्या पाहणीने या प्रश्नाचे उत्तर दिले. मिल्टन फ्रीमन या मानवशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली वायव्य प्रदेशातील वस्त्यांमध्ये शेकडो शिकाऱ्यांच्या मुलाखती घेण्यात आल्या. प्रत्येकापुढे नकाशा ठेवून त्याने आयुष्यभरात कॅरिबू, सील, ध्रुवीय अस्वल, कोल्हा, मासे व पक्षी यांची शिकार कोठे केली, तळ कोठे ठोकले, मार्ग कोणते धरले, हे त्याच्याकडूनच रेखाटून घेण्यात आले. अशा वैयक्तिक नकाशांच्या एकत्रीकरणातून त्या त्या वस्तीचे भूमिवापराचे चित्र तयार झाले. ही पाहणी १९७६ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. रिकामा समजला गेलेला प्रदेश व गोठलेला समुद्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने व स्थलनामांनी भरलेला आहे, हे तिने दाखवून दिले. वृद्ध शिकाऱ्यांच्या स्मरणात असलेले ज्ञान हाच येथे हक्काचा पुरावा ठरला. सांस्कृतिक स्मृती व राजकीय मागणी यांची सांगड घालणारी ही पद्धत पुढे कॅनडातील इतर मूलनिवासींनीही अंगीकारली. नूनाव्हुटच्या सीमा ठरविताना या नकाशांचा मोठा उपयोग झाला.

न्यायालयीन लढे : या पुराव्याची कसोटी लवकरच लागली. बेकर लेक या अंतर्भागातील वस्तीच्या परिसरात युरेनियमचा शोध सुरू झाल्याने कॅरिबूंच्या कळपांना धोका निर्माण झाल्याची तक्रार होती. वस्ती व संघटना यांनी मिळून केंद्रीय न्यायालयात दावा लावला. १९७९ च्या निर्णयात न्यायालयाने तेथील इनुइटांचा भूमीवरील परंपरागत हक्क मान्य केला आणि असा हक्क सिद्ध करण्याच्या कसोट्या घालून दिल्या : दावा करणारे व त्यांचे पूर्वज हे संघटित समाजाचे घटक असावेत, त्यांचा ताबा निश्चित प्रदेशावर असावा, तो इतरांना वगळून असावा आणि इंग्रजी सार्वभौमत्व प्रस्थापित होतेवेळी तो अस्तित्वात असावा. तथापि खाणकामविषयक कायद्यांनी तो हक्क मर्यादित झाला आहे, असे सांगून न्यायालयाने शोधकार्य थांबविण्यास नकार दिला. हक्क आहे, पण त्यामुळे कळपांचे रक्षण होत नाही, या निष्कर्षामुळे केवळ न्यायालयांवर विसंबून चालणार नाही, हे स्पष्ट झाले व वाटाघाटींना अधिक महत्त्व आले.

भूमिहक्क-करार : पहिला करार वादळी परिस्थितीत झाला. जेम्स उपसागर प्रकल्पाविरुद्ध क्री इंडियन व उत्तर क्वेबेकमधील इनुइट न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांना मनाईहुकूम मिळाला, पण तो अल्पकाळच टिकला. काम सुरू असतानाच झालेल्या वाटाघाटींतून ११ नोव्हेंबर १९७५ रोजी जेम्स उपसागर व उत्तर क्वेबेक करारावर सह्या झाल्या. त्यानुसार नुकसानभरपाई, शिकारीचे हक्क व शिक्षणविषयक अधिकार मिळाले. परंतु त्या मोबदल्यात मूळ हक्क सोडून द्यावे लागले. पुविर्निटुक व इवुजिविक या वस्त्यांतील बहुसंख्य लोकांनी नेमक्या याच कारणास्तव करारास विरोध केला. ‘भूमी कागदावर देऊन टाकता येते काय’, हा त्यांचा प्रश्न पुढील प्रत्येक करारप्रसंगी उपस्थित झाला.

फेब्रुवारी १९७६ मध्ये संघटनेने केंद्रीय मंत्रिमंडळापुढे एक व्यापक योजना मांडली. वायव्य प्रदेशाचे विभाजन करून वृक्षरेषेच्या उत्तरेस ‘नूनाव्हुट’ (आपली भूमी) हा नवा प्रदेश निर्माण करावा, अशी तीत मागणी होती. मसुदा दक्षिणेकडील सल्लागारांच्या भाषेत लिहिला गेला असून वस्त्यांतील लोकांना तो पुरेसा समजलेला नाही, अशी टीका झाल्यामुळे संघटनेने तो त्याच वर्षी मागे घेतला. स्वतःची मुख्य मागणी लोकांना कळावी म्हणून मागे घेणे, ही राजकीय संघटनेच्या इतिहासातील विरळ घटना होय. याच वेळी तेलाच्या शोधामुळे निकडीत सापडलेल्या पश्चिमेकडील इनुव्हियालुइटांनी स्वतंत्र वाटाघाटींचा मार्ग धरला व १९८४ मध्ये आपला करार पूर्ण केला.

नूनाव्हुटची मागणी मात्र कायम राहिली. एप्रिल १९८२ च्या सार्वमतात वायव्य प्रदेशातील सु. ५६ टक्के मतदारांनी विभाजनास पसंती दिली. त्याच वर्षी वाटाघाटींसाठी ‘तुंगाविक फेडरेशन ऑफ नूनाव्हुट’ हे स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. जॉन अमागोआलिक यांचा या लढ्यात मोठा वाटा होता. १९५३ च्या स्थलांतरात बालपणी रेझल्यूटला गेलेल्यांपैकी ते एक होत. ते दोन वेळा संघटनेचे अध्यक्ष होते. २५ मे १९९३ रोजी नूनाव्हुट करारावर सह्या झाल्या. त्यानुसार इनुइटांना सु. ३,५०,००० चौ. किमी. भूमीची मालकी मिळाली व त्यापैकी सु. ३६,००० चौ. किमी. क्षेत्रातील खनिजांवरही त्यांचा हक्क मान्य झाला. १४ वर्षांत मिळून सु. ११४ कोटी ८० लक्ष कॅनडियन डॉलर देण्याचे ठरले. १ एप्रिल १९९९ रोजी सु. २० लक्ष चौ. किमी. क्षेत्राचा नूनाव्हुट हा प्रदेश अस्तित्वात आला. तेथील विधिमंडळ केवळ इनुइटांचे नसून सर्व रहिवाशांचे आहे. मात्र इनुइटांचे बहुमत असल्याने सत्ता व्यवहारतः त्यांच्याकडे आली. २००५ मध्ये लॅब्रॅडॉरचा करार अंमलात येऊन नूनात्सियाव्हुटचे स्वतंत्र शासन सुरू झाले. अशा प्रकारे स्थापनेपासून ३४ वर्षांत चारही विभागांचे करार पूर्ण झाले.

संविधानातही इनुइटांचे स्थान निश्चित झाले. १९८१ च्या अखेरीस संविधानाच्या मसुद्यातून मूलनिवासींच्या हक्कांचे कलम वगळले गेले होते. सर्व मूलनिवासी संघटनांच्या निषेधानंतर ते पुन्हा समाविष्ट झाले. १९८२ च्या संविधान अधिनियमाच्या ३५ व्या कलमात इंडियन व मेती यांच्याबरोबर इनुइटांचाही स्पष्ट उल्लेख आहे.

भाषा व लिपी : इनुइटांच्या विविध बोलींना मिळून ‘इनुक्टुट’ म्हणतात. तिचे लेखन धर्मोपदेशकांनी सुरू केले आणि ते वेगवेगळ्या पंथांचे असल्याने लेखनपद्धतीही वेगवेगळ्या झाल्या. लॅब्रॅडॉरमध्ये १७७१ पासून स्थायिक झालेल्या मोरेव्हियन पंथीयांनी रोमन लिपी वापरली. पूर्व आर्क्टिकमध्ये जेम्स एव्हन्झने क्री भाषेसाठी तयार केलेली अवयवलिपी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली; तीत व्यंजनाचे चिन्ह स्वरानुसार निरनिराळ्या दिशांना वळते. पश्चिमेत पुन्हा रोमन लिपीच, पण वेगळ्या वर्णविन्यासाची. एका विभागातील पुस्तक दुसऱ्या विभागातील मुलास वाचता येत नसे.

संघटनेच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या ‘इनुइट कल्चरल इन्स्टिट्यूट’ने १९७६ मध्ये अवयवलिपी व रोमन लिपी यांचे परस्परांत अचूक रूपांतर करता येईल, अशी दुहेरी प्रमाणपद्धती स्वीकारली. जोझे कुसुगाक यांनी या कामी पुढाकार घेतला. पुढे ते संघटनेचे अध्यक्षही झाले (२०००–०६). परंतु विभागाविभागांतील भेद राहिलेच. २०११ च्या राष्ट्रीय शिक्षणविषयक धोरणात समान लेखनपद्धती व मायभूमीत विद्यापीठ या दोन गोष्टींची शिफारस करण्यात आली. दीर्घ विचारविनिमयानंतर सप्टेंबर २०१९ मध्ये संघटनेच्या संचालक मंडळाने ‘इनुक्टुट कालिउजाक्पाइत’ ही रोमन लिपीवर आधारित समान पद्धती मान्य केली. परक्यांनी नव्हे, तर इनुइटांनी स्वतःसाठी तयार केलेली ही पहिली समान लेखनपद्धती होय. जुन्या लिपींऐवजी नव्हे, तर त्यांच्या जोडीने तिचा वापर व्हावा, असे धोरण आहे. कारण अवयवलिपी परक्यांकडून आली असली, तरी दीड शतकाच्या वापराने पूर्वेकडील लोकांना ती आपलीच वाटते.

या प्रयत्नांची निकड आकड्यांवरून कळते. २०१६ च्या जनगणनेनुसार नूनाविकमधील ९९ टक्के व नूनाव्हुटमधील ८९ टक्के इनुइट आपल्या भाषेत संभाषण करू शकत. इनुव्हियालुइट क्षेत्रात हे प्रमाण २२ टक्के, तर नूनात्सियाव्हुटमध्ये २१ टक्केच होते. २०१९ मध्ये केंद्राने मूलनिवासी भाषांसाठी अधिनियम संमत केला. तथापि त्यात इनुक्टुटसाठी स्वतंत्र तरतुदी नसल्याची तीव्र टीका संघटनेने केली. संघटना ‘इनुक्टिटुट’ हे नियतकालिक अनेक वर्षे प्रसिद्ध करीत आली आहे.

भाषेच्या प्रश्नाशी प्रसारणाचा प्रश्न निगडित होता. १९७० नंतरच्या दशकात उपग्रहामुळे उत्तरेकडील वस्त्यांत दूरचित्रवाणी पोहोचली, पण कार्यक्रम दक्षिणेकडील व इंग्रजी भाषेतील होते. आपल्या भाषेतील कार्यक्रम नसल्यामुळे इग्लूलिक या वस्तीने १९७५ व १९७९ मध्ये मतदान करून दूरचित्रवाणी नाकारली. संघटनेने उपग्रहाच्या साहाय्याने ‘इनुकशुक’ हा प्रायोगिक प्रकल्प राबविला. त्यातून ‘इनुइट ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन’ची निर्मिती झाली व जानेवारी १९८२ मध्ये तिचे इनुक्टिटुट बोलीतील प्रसारण सुरू झाले.

सीलचा प्रश्न : शिकार हे इनुइटांचे अन्नसाधन आहे, तसेच रोख उत्पन्नाचेही. मांस कुटुंबात व शेजाऱ्यांत वाटले जाते, कातडी विकून इंधन व काडतुसे घेतली जातात. १९८३ मध्ये यूरोपीय समुदायाने सीलच्या पिलांच्या कातड्यांच्या आयातीवर बंदी घातली. इनुइट अशा पिलांची शिकार करीत नसत. तथापि सर्वच कातड्यांची बाजारपेठ कोसळल्याने फटका त्यांनाही बसला. २००९ मध्ये यूरोपीय संघाने सीलपासून बनलेल्या पदार्थांच्या व्यापारावर व्यापक बंदी घातली. तीत इनुइटांच्या निर्वाहार्थ शिकारीस सवलत होती, पण बाजारच नाहीसा झाल्यावर सवलत निरर्थक ठरते, असे संघटनेचे म्हणणे होते. तिने इतरांसह यूरोपीय न्यायालयांत आव्हान दिले. २०१३ मध्ये, संसदेने केलेल्या अशा विधानाविरुद्ध थेट दावा चालत नाही, या कारणास्तव ते फेटाळले गेले. दुसरे अपीलही २०१५ मध्ये असफल झाले. २०१३ चा निर्णय यूरोपीय विधिशास्त्रात आजही वारंवार उद्‌धृत होतो. त्यात संघटनेचे नाव अजरामर झाले, पण शिकाऱ्याच्या हाती काही आले नाही.

रचना : संघटनेचे मतदानाधिकार असलेले संचालक हे चारही विभागांतील करारजन्य संस्थांचे प्रमुख असतात : इनुव्हियालुइट रीजनल कॉर्पोरेशन, नूनाव्हुट तुंगाविक, माकिविक व नूनात्सियाव्हुट शासन. स्त्रियांची ‘पाउक्टूटिट’ ही संघटना (स्थापना १९८४), राष्ट्रीय युवक परिषद आणि सर्कम्पोलर कौन्सिलची कॅनडा शाखा यांचे प्रतिनिधी मताधिकाराविना मंडळावर असतात. त्यामुळे संघटनेस वस्त्यांवर स्वतःची सत्ता नाही. चार विभागांचे मतैक्य हेच तिचे बळ आहे. १९९१ ते १९९६ या काळात रोझमेरी कुप्टाना आणि २००६ ते २०१२ या काळात मेरी सायमन या अध्यक्ष होत्या. जून २००८ मध्ये पंतप्रधानांनी निवासी शाळांबद्दल क्षमायाचना केली, तेव्हा सायमन यांनी कॅनडाच्या संसदेत प्रथम इनुक्टिटुटमध्ये उत्तर दिले. २०२१ मध्ये त्या कॅनडाच्या गव्हर्नर जनरल झाल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या मूलनिवासी व्यक्ती होत. २०१५ मध्ये नेटन ओबेड अध्यक्षपदी निवडून आले.

अलीकडील कार्य : करार पूर्ण झाल्यानंतर संघटनेचा भर अंमलबजावणीवर व सामाजिक प्रश्नांवर आला. फेब्रुवारी २०१७ मध्ये पंतप्रधान व इनुइट नेते यांची संयुक्त समिती स्थापन झाली. २०१६ मध्ये संघटनेने आत्महत्या-प्रतिबंधाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले; चार विभागांत आत्महत्यांचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या ५ ते २५ पट असल्याचे त्यात नमूद आहे. त्याची मुळे केवळ व्यक्तीच्या मनात नसून सक्तीचे स्थलांतर, निवासी शाळा व दाटीवाटीची घरे यांत आहेत, असे प्रतिपादन त्यात केले आहे. क्षयरोग २०३० पर्यंत नाहीसा करण्याचे उद्दिष्ट केंद्र व संघटना यांनी २०१८ मध्ये मिळून जाहीर केले. ऑगस्ट २०१० मध्ये अतिउत्तरेकडील स्थलांतराबद्दल आणि मार्च २०१९ मध्ये क्षयरुग्णांना दिलेल्या वागणुकीबद्दल शासनाने क्षमायाचना केली. मरण पावलेल्या रुग्णांच्या थडग्यांचा शोध घेऊन ती माहिती कुटुंबांस देण्याचे कार्यही हाती घेण्यात आले. २०१८ मध्ये संघटनेने संशोधनविषयक धोरण प्रसिद्ध केले. इनुइटांवर संशोधन होते, पण त्याचे विषय, निधी व निष्कर्ष यांवर इनुइटांचे नियंत्रण नसते, ही स्थिती बदलावी, अशी त्यात मागणी आहे. २०१९ मध्ये हवामानबदलविषयक धोरण आले; समुद्रावरील बर्फ उशिरा गोठू व लवकर वितळू लागल्याने शिकारीचे जुने मार्ग धोक्याचे ठरत आहेत. २०२२ मध्ये केंद्राने ‘इनुइट नूनांगात धोरण’ मान्य केले व चारही विभागांचा एक प्रदेश म्हणून विचार करण्याचे तत्त्व स्वीकारले.

मूल्यमापन : सत्तर हजारांच्या समाजाने, शस्त्र न उचलता, एका पिढीत देशाच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठ्या प्रदेशाच्या कारभारात वाटा मिळवावा, ही असामान्य घटना आहे. तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. करारांसाठी मूळ हक्क सोडावे लागले आणि करारांतील आश्वासने पाळली जावीत म्हणून पुन्हा झगडावे लागले : नूनाव्हुट तुंगाविकने २००६ मध्ये केंद्राविरुद्ध लावलेला दावा २०१५ मध्ये तडजोडीने मिटला. घरटंचाई, महाग अन्न व क्षयरोग हे प्रश्न संघटनेच्या स्थापनेला अर्धशतक लोटल्यावरही सुटलेले नाहीत. मायभूमीबाहेर, विशेषतः ऑटावासारख्या शहरांत, राहणाऱ्या सु. ३१ टक्के इनुइटांना प्रादेशिक रचनेत पुरेसे स्थान मिळत नाही. इनुइट कोणास म्हणावे, हाही वादाचा विषय झाला आहे : दक्षिण लॅब्रॅडॉरमधील नूनातुकाव्हुट समूहाचा इनुइट असल्याचा दावा संघटनेस मान्य नाही.

तरीही १९७१ च्या आधी ज्यांची नोंद चकतीवरील क्रमांकाने होत असे, ते लोक आज आपल्या प्रदेशाचे नाव, आपल्या भाषेची लिपी व आपल्याविषयीच्या संशोधनाचे नियम स्वतः ठरवू लागले आहेत. कोणत्याही अल्पसंख्य समाजाची संस्कृती टिकावयाची, तर तिच्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार त्या समाजाच्या हाती असला पाहिजे, हे या संघटनेच्या इतिहासावरून दिसून येते. नूनाविकमधील शाळकरी मुले आजही आपल्याच भाषेत बोलतात, पण नूनात्सियाव्हुटमध्ये ती भाषा मुख्यतः वृद्धांच्या मुखी उरली आहे. मिळविलेला अधिकार ही दरी भरून काढण्यास वेळेत उपयोगी पडतो किंवा नाही, यावरच संघटनेच्या कार्याचे अंतिम यश अवलंबून आहे.